रस्त्यावरचा रंग आणि रात्रीचा कॅमेरा

रस्ता कोणाचा असतो? ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचा, की जो त्या रस्त्यावर राबतो, राहतो आणि संध्याकाळी लेकराबाळांना घेऊन फिरतो त्याचाही? आणि भिंत कोणाची? घरमालकाची, सरकारची, की त्या भिंतीच्या सावलीत वाढलेल्या पोरांचीही?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेकडील कष्टकरी वस्त्यांनी हे दोन प्रश्न गेली सत्तर-ऐंशी वर्षे रंगाच्या भाषेत विचारले आहेत. तिथल्या लोकांनी आपल्या जुन्या मोटारी रंगवल्या, आपल्या वस्तीच्या भिंती रंगवल्या. मोटारींना रस्त्यावरून हटवण्यासाठी कायदे झाले. भिंतींवर चुना फिरवला गेला. तरीही त्या काळातले पुष्कळसे आज आपल्याला पाहायला मिळते, कारण कुणीतरी वेळेवर कॅमेऱ्याचे बटण दाबले होते.

आज घरोघरी मोबाईल आहे आणि प्रत्येक मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. रात्रीच्या शहरात फिरून फोटो काढण्याचा छंद आपल्या तरुण मुला-मुलींनाही लागला आहे. म्हणून या लोकांच्या गाड्या, त्यांच्या भिंती आणि त्यांचे छायाचित्रण यांची हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

व्हिटियर बुलेवार्डवरची संध्याकाळ

ईस्ट लॉस एंजेलिसमधून व्हिटियर बुलेवार्ड नावाचा लांबलचक बाजाररस्ता जातो. रस्त्यावर आडवी कमान आहे, दुतर्फा दुकाने आहेत, मक्याच्या छोट्या भाकरीत मटण-भाजी घालून देणाऱ्या टाकोच्या गाड्या आहेत. सूर्य कलला की याच रस्त्यावर मोटारींची रांग लागते. गाड्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या. रंग असा, की पिकलेल्या जांभळावर नुकतेच पाणी पडले आहे. गाडीचे पोट जमिनीला टेकेल इतके खाली आणि वेग पायी चालणाऱ्या माणसाचा. आत नवरा-बायको, मागच्या सीटवर आजी आणि नातवंडे. फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेले शेजारीपाजारी हात हलवतात, गाडीतले लोक हसून हात हलवतात. या गाड्यांना ‘लोरायडर’ म्हणतात, म्हणजे खाली बसून चालणारी गाडी. ती चालवणाऱ्यालाही तेच नाव आहे.

हे लोक कोण? कॅलिफोर्निया हा प्रदेश १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता. युद्धात तो अमेरिकेने घेतला. तिथे आधीपासून राहणारे आणि पुढे पोटासाठी मेक्सिकोतून आलेले लोक फळबागांत, रेल्वेवर, कारखान्यांत राबले. १९३०च्या मंदीत त्यांच्यातील पुष्कळांना देशाबाहेर घालवण्यात आले आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेली माणसेही होती. ‘चिकानो’ हा शब्द त्यांच्यासाठी एके काळी हिणवण्याचा होता. १९६०च्या दशकात तरुणांनी तोच शब्द उचलला आणि अभिमानाने स्वतःला लावला.

मेक्सिकोच्या गावांत संध्याकाळी चौकाभोवती फेऱ्या मारण्याची जुनी रीत आहे. चांगले कपडे घालायचे, ओळखीच्यांना भेटायचे, पाहायचे आणि दिसायचे. शहरात चौक राहिला नाही, लांब रस्ता मिळाला. पायांऐवजी चाके आली. रीत मात्र तीच राहिली.

खटक्यावर वरखाली होणारी गाडी

दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मोटारी कामगारांच्या आवाक्यात आल्या. त्या काळी बरीच गोरी तरुण मंडळी गाड्यांची इंजिने वाढवून वेगाच्या शर्यती लावत. चिकानो पोरांनी उलटी वाट धरली. त्यांनी गाडी खाली आणली आणि वेग कमी केला. सुरुवातीला डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकत, पुढे स्प्रिंग कापू लागले. नवीन गाडी घेण्याची ऐपत नव्हती. जुनी गाडी नव्यापेक्षा देखणी करण्याचे कसब मात्र हातात होते.

१९५८ साली कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात एक कलम आले. चाकाच्या लोखंडी रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली आला तर तो गुन्हा ठरला. कलमात कोणत्याही जमातीचे नाव नव्हते, पण त्याचा मार कोणाच्या गाड्यांवर बसणार हे उघड होते.

उत्तर १९५९ साली सापडले. रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या १९५७च्या कॉर्व्हेट गाडीला तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली. गाडीला त्याने ‘एक्स-सॉनिक’ असे नाव दिले होते. खटका दाबला की गाडी वर, पुन्हा दाबला की खाली. पोलीस दिसला की गाडी कायद्यात बसणार आणि पोलीस वळणापलीकडे गेला की पुन्हा रस्त्याला टेकणार! त्या काळात अशा यंत्रणेसाठी युद्धातल्या विमानांचे मोडीत निघालेले पंप वापरले जात. डिकीत बॅटऱ्यांची रांग, पंप, चाकांपर्यंत गेलेल्या नळ्या आणि चालकाच्या हाताशी खटके. पुढे याच यंत्रणेने गाड्या रस्त्यावर उड्या मारू लागल्या, एक चाक हवेत उचलून तीन चाकांवर चालू लागल्या. १९५८ ते १९६४ या काळातील शेवरोले इम्पाला ही गाडी या कामासाठी विशेष आवडती ठरली. तिच्या खालचा सांगाडा इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा असल्याने पंप आणि नळ्या बसवायला सोय होती.

गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या आपल्या वाचकांना या गाड्यांच्या रंगकामाची मेहनत वेगळी सांगायला नको. पत्रा ठोकून सरळ करायचा, पुट्टी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा आणि पुन्हा घासायचा. त्यावर चांदीसारखा किंवा सोन्यासारखा चमकता थर द्यायचा. मग पारदर्शक रंगाचे एकावर एक पातळ हात मारायचे. प्रकाश या पारदर्शक थरांतून आत जातो, खालच्या चांदीवर आपटून परत येतो, म्हणून रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. गोळीच्या पाकासारख्या या रंगाला तिथे ‘कॅंडी’ म्हणतात. रंगात धातूचे बारीक कण मिसळले की दिव्याखाली सगळी गाडी चमचमते. शेवटी पारदर्शक वॉर्निशचे हात आणि तासन्‌तास पॉलिश.

अशा गाड्यांत सर्वांत नावाजलेली म्हणजे ‘जिप्सी रोझ’. इम्पीरियल्स नावाच्या मोटार क्लबचे हेसूस वालादेस यांची ही १९६४ची इम्पाला. वॉल्ट प्रे या रंगाऱ्याने तिच्या गुलाबी अंगावर हाताने गुलाबाची फुले रंगवली. १९७४ साली सुरू झालेल्या एका दूरदर्शन मालिकेच्या सुरुवातीला ती देशभर दिसली. वालादेस २०११ साली वारले. २०१७ साली या गाडीची अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत नोंद झाली आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ती काचेच्या पेटीत लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. ज्या वस्तीच्या गाड्यांना पोलीस दंडाच्या पावत्या देत होते, त्याच वस्तीतली गाडी देशाचा ठेवा ठरली.

रस्ता बंद, रस्ता खुला

या दोन गोष्टींच्या मधली वर्षे सोपी नव्हती. १९६२ साली रुएलास बंधूंनी ‘ड्यूक्स’ नावाचा क्लब काढला. असे अनेक क्लब निघाले. गाडीच्या मागच्या काचेत क्लबच्या नावाची पाटी, सर्वांसाठी शिस्त आणि गरजेला वर्गणी, असा त्यांचा कारभार. १९७७ साली सान होसे शहरातून ‘लोरायडर’ नावाचे मासिक निघाले आणि ते गावोगावच्या गाड्यांचे फोटो छापू लागले.

याच काळात रात्रीच्या रस्त्यावर टोळ्यांच्या मारामाऱ्याही होत. ते खोटे नाही. पण टोळीतला गुंड आणि कुटुंब घेऊन निघालेला कामगार यांत भेद करण्याचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत. १९७९ साली व्हिटियर बुलेवार्ड रात्रीच्या फेरफटक्याला बंद करण्यात आला. १९८२ साली राज्याच्या कायद्याने प्रत्येक शहराला असा फेरफटका बंद करण्याचा अधिकार दिला. रस्त्यावर ‘फेरफटक्यास मनाई’ अशा पाट्या लागल्या. ठरावीक वेळात एकाच ठिकाणाहून पुन्हा पुन्हा गाडी नेणे हाच गुन्हा झाला.

क्लबांनी हार मानली नाही. ते नगरसभांच्या बैठकांना गेले, सह्या गोळा केल्या, आमदारांना भेटले. एकेका शहराने बंदी उठवली. सान दिएगोचे आमदार डेव्हिड आल्व्हारेझ यांनी मांडलेले विधेयक २०२३ साली मंजूर झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियात फेरफटक्यावरची बंदी गेली. गाडी खाली करण्यावरचे १९५८चे बंधनही त्याबरोबर गेले. पासष्ट वर्षे लागली. आज या गाड्यांचा फोटो काढणाऱ्याने ही पासष्ट वर्षे ध्यानात ठेवावीत. आपण एका शोभेच्या वस्तूसमोर उभे नाही, परत मिळवलेल्या रस्त्यावर उभे आहोत, याची त्याला जाणीव हवी.

चुन्याखालचे चित्र

आता भिंतींकडे वळू. लॉस एंजेलिसच्या जुन्या भागात ओल्व्हेरा स्ट्रीट नावाची पर्यटकांची गल्ली आहे. १९३२ साली तिथल्या एका इमारतीच्या वरच्या भिंतीवर चित्र काढण्याचे काम दाविद आल्फारो सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराला मिळाले. विषय दिला होता उष्ण प्रदेशातील अमेरिका. काम देणाऱ्यांना केळीची झाडे आणि आनंदी माणसे अपेक्षित असावीत. सिकेरोसने मध्यभागी क्रुसाला बांधलेला आदिवासी माणूस दाखवला आणि त्याच्या डोक्यावर गरुड. हा गरुड अमेरिकेच्या सत्तेचा आहे, हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. काही वर्षांतच सगळ्या चित्रावर पांढरा रंग फासला गेला.

पण चुना उन्हापावसात उडतो. १९७०च्या सुमारास खालच्या आकृती पुन्हा दिसू लागल्या आणि तरुण चिकानो चित्रकारांना जणू आजोबांचे पत्र सापडले. गेटी या संस्थेने शहराच्या साहाय्याने ते चित्र जपण्याचे काम केले आणि २०१२ साली, ऐंशी वर्षांनी, ते लोकांसाठी खुले झाले. त्यावर नव्याने रंग भरलेला नाही. उरले आहे तेवढेच दिसते, फिकट. पूर्ण चित्र कसे होते हे आज आपण जाणतो ते त्या काळी काढलेल्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांमुळे.

१९७०च्या दशकात तर वस्त्यांच्या भिंती बोलू लागल्या. बॉइल हाइट्स भागातील एस्त्रादा कोर्ट्स ही सरकारी घरांची वसाहत, आपल्याकडच्या चाळींसारखी. तिथल्या भिंतींवर रहिवाशांनी आणि चित्रकारांनी मिळून ऐंशीच्या आसपास चित्रे काढली. त्यांतल्या १९७८च्या एका चित्रात चे गव्हेरा पाहणाऱ्याकडे बोट रोखून उभा आहे आणि चित्राचे नावच आहे ‘आम्ही अल्पसंख्य नाही’.

या कामात स्त्रिया मागे नव्हत्या. ज्युडिथ बाका या चित्रकर्तीने १९७६ साली सान फर्नांडो खोऱ्यात, पुराचे पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या नाल्याच्या भिंतीवर काम सुरू केले. पुढची सात-आठ वर्षे उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत चारशेहून अधिक मुला-मुलींनी तिथे काम केले. त्यांतली पुष्कळ गरीब घरांतली आणि काही पोलिसांच्या दप्तरी नाव लागलेलीही होती. भिंत २,७५४ फूट लांब झाली. तिच्यावर कॅलिफोर्नियाचा इतिहास आहे, पण शाळेच्या पुस्तकात न आलेला. देशाबाहेर घालवलेले मेक्सिकन, युद्धकाळात छावण्यांत कोंडलेले जपानी वंशाचे नागरिक, दुष्काळाने देशोधडीला लागलेले शेतकरी, सगळे त्या भिंतीवर आहेत. तिला ‘लॉस एंजेलिसची महाभिंत’ म्हणतात.

आणि इथेही गाड्यांसारखेच घडले. जाहिरातींच्या फलकांबाबतचा वाद मिटवण्याच्या भरात २००२ साली लॉस एंजेलिस शहराने खासगी भिंतींवर नवी चित्रे काढण्यास बंदी घातली. भित्तिचित्रांची राजधानी म्हणून मिरवणारे शहर, आणि तिथेच भित्तिचित्र बेकायदा! ही बंदी उठायला २०१३ साल उजाडले.

साक्षीदार कॅमेरा

आपण ज्या व्हिटियर बुलेवार्डवर गाड्या पाहिल्या, त्याच रस्त्यावर २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात हजारो चिकानो स्त्री-पुरुषांचा मोर्चा निघाला होता. युद्धात त्यांची मुले लोकसंख्येच्या मानाने जास्त मरत होती. शेरीफच्या पोलिसांनी सभा उधळली. त्या दिवशी रूबेन सालाझार हे नामवंत पत्रकार याच रस्त्यावरील ‘सिल्व्हर डॉलर’ नावाच्या बारमध्ये बसले होते. पोलिसाने आत झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे डोक्याला लागून ते जागीच गेले. राउल रूइझ हे चिकानो छायाचित्रकार त्या वेळी समोर होते. बंदुका रोखून दारात उभ्या असलेल्या पोलिसांचे फोटो त्यांनी काढले. ते चळवळीच्या ‘ला रासा’ नियतकालिकात आले आणि मोठ्या दैनिकातही छापले गेले. खटला कुणावरही भरला गेला नाही. पण काय घडले हे नाकारणे त्या फोटोंनी अवघड करून ठेवले.

दुसरी गोष्ट १९७२ची. ‘आस्को’ नावाचा चार तरुण कलावंतांचा गट होता. हॅरी गाम्बोआ, ग्रॉन्क, विली हेरोन आणि पात्सी वाल्देस. शहराच्या मोठ्या कला-संग्रहालयात चिकानो कलावंतांना जागा का नाही, असे गाम्बोआने तिथल्या अधिकाऱ्याला विचारले. तुमचे लोक टोळ्यांत असतात, कला करत नाहीत, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. त्या रात्री तिघांनी संग्रहालयाच्या प्रवेशद्वारापाशी रंगाच्या फवाऱ्याने आपापली नावे लिहिली. चित्रांवर चित्रकाराची सही असते, तशी सगळ्या संग्रहालयावरच सही! सकाळी गाम्बोआने त्या नावांच्या वर उभ्या असलेल्या पात्सीचा फोटो काढला. काही तासांतच नावे पुसली गेली. उरला तो एक फोटो. २०११ साली त्याच संग्रहालयाने ‘आस्को’च्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले.

भिंत पुसता येते, रस्ता बंद करता येतो. योग्य वेळी काढलेला आणि जपून ठेवलेला फोटो मात्र पन्नास वर्षांनीही साक्ष देतो. रात्री कॅमेरा घेऊन निघणाऱ्याने मनाशी धरायची गोष्ट ही आहे.

रात्री फोटो कसे काढावेत

अशा गाड्यांचे आणि भिंतींचे फोटो काढण्यात काही तंत्र आहे. महागडा कॅमेरा नसला तरी ते जमते.

पहिली गोष्ट वेळ. पूर्ण अंधाराची वाट पाहू नये. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे सर्वांत चांगली. आकाशात गडद निळा उजेड असतो, दुकानांचे दिवे लागलेले असतात, गाडीची कड आकाशापासून वेगळी दिसते. नंतर आकाश काळे झाले की काळसर रंगाची गाडी अंधारात हरवते.

दुसरी गोष्ट फ्लॅश. तो बंद ठेवावा. क्रोमच्या पट्ट्यांवर आणि पॉलिश केलेल्या पत्र्यावर फ्लॅश आपटला की पांढरे डाग पडतात आणि आतून पेटणारा तो कॅंडी रंग मरतो. दुकानाच्या पाटीचा, पेट्रोल पंपाचा, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड बाजूने पडेल अशी जागा धरावी. मोबाईलच्या पडद्यावर गाडीच्या उजळ भागावर बोट ठेवून तिथला उजेड ठरवावा, म्हणजे चमक फुटत नाही. आणि फोटोआधी भिंग स्वच्छ रुमालाने पुसावे. निम्मे धूसर फोटो बोटांच्या तेलकटपणामुळे येतात.

तिसरी गोष्ट उंची. या गाड्या जमिनीलगत असतात. उभे राहून काढलेल्या फोटोत नुसते छत दिसते. गुडघे टेकून, हेडलाइटच्या उंचीवर कॅमेरा आणला की गाडीचा रुबाब कळतो. मात्र चकाकत्या दरवाजात आपण स्वतःच आरशासारखे दिसत नाही ना, हे पाहून घ्यावे. थोडे तिरके उभे राहिले की ते टळते.

चौथी गोष्ट गती. चालत्या गाडीचा फोटो घेताना शटरचा वेग सेकंदाच्या पंधराव्या ते तिसाव्या भागाच्या आसपास ठेवावा आणि गाडीबरोबर कॅमेराही हळूच फिरवत न्यावा. मग गाडी स्पष्ट येते आणि मागचे दिवे रेघांसारखे वाहतात. दहांत एखादाच फोटो साधतो, त्याने हिरमुसू नये. उड्या मारणाऱ्या गाडीसाठी याच्या उलट करावे. वेगवान शटर, भरपूर उजेड आणि पुरेसे अंतर. दाबाखालची नळी किंवा स्प्रिंग तुटून उडू शकते, म्हणून लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

भिंतीचे फोटो दोन प्रकारे काढावेत. एक अगदी समोरून, चारही कडा सरळ येतील असा. तो नोंदीसाठी. दुसरा माणसांसह, म्हणजे भिंतीसमोरून जाणारी बाई, सायकलवरचा पोरगा, उभी असलेली गाडी. चित्र किती मोठे आहे आणि कोणाच्या दारात आहे, हे त्यातून कळते. कोपऱ्यात चित्रकाराचे नाव आणि साल असते, त्याचा वेगळा फोटो घ्यावा. चित्र रस्त्यावर असले तरी ते चित्रकाराचे असते. जाहिरातीसाठी किंवा विक्रीसाठी फोटो वापरायचा तर त्याची परवानगी लागते.

सर्वांत शेवटी, पण सर्वांत महत्त्वाचे ते विचारणे. गाडीत माणसे आहेत. खाली वाकून नमस्कार करावा, गाडी कोणी रंगवली, किती वर्षे लागली, हे विचारावे. ज्याने दहा वर्षांची बचत त्या पत्र्यावर खर्च केली, तो आनंदाने सांगतो. मग तोच म्हणतो, काढा फोटो. क्रिस्टिन बेडफर्ड या छायाचित्रकर्तीने लॉस एंजेलिसच्या लोरायडर कुटुंबांत पाच वर्षे काढली, तेव्हा २०२१ साली तिचे ‘क्रूझ नाइट’ हे पुस्तक झाले. एस्तेव्हान ओरिओल तर त्याच लोकांतला, स्वतः अशी गाडी बाळगणारा छायाचित्रकार. बाहेरच्या माध्यमांनी वर्षानुवर्षे या लोकांना गुंडांच्या रूपात दाखवले. आतल्या माणसाचा किंवा विचारून आत गेलेल्या माणसाचा कॅमेरा वेगळे दाखवतो. फोटो काढून झाल्यावर एक प्रत त्या कुटुंबाला द्यावी. गाडीचा नंबर आणि घराचा पत्ता फोटोत येऊन जगभर फिरणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

पुलाखालची बाग

गाडी आणि भिंत दोन्ही एकाच ठिकाणी पाहायची असतील तर लॉस एंजेलिसपासून दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर सान दिएगो शहरात जावे लागते. तिथल्या लोगान वस्तीतून आधी महामार्ग काढला गेला आणि १९६९ साली तिच्या डोक्यावरून कोरोनाडोचा मोठा पूल गेला. घरे पडली, कुटुंबे पांगली. पुलाखाली उरलेल्या जागेत बाग करू, असे लोकांना वाटत होते. २२ एप्रिल १९७० रोजी तिथे बुलडोझर आले. बाग कुठली, ती जागा महामार्ग पोलिसांसाठी होती! बातमी शाळा-कॉलेजांत पोचली. विद्यार्थी, आया, म्हातारी माणसे जमली आणि त्यांनी बुलडोझरसमोर साखळी केली. बारा दिवस त्यांनी जागा सोडली नाही. फावडी आणून त्यांनी स्वतःच झाडे लावायला सुरुवात केली.

ती बाग झाली. तिचे नाव चिकानो पार्क. १९७३ पासून पुलाच्या राखाडी खांबांवर चित्रे चढू लागली आणि आज ती ऐंशीहून अधिक आहेत. ज्या खांबांनी वस्ती मोडली, त्याच खांबांवर वस्तीचा इतिहास आहे. २०१६ साली या बागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. एप्रिलमध्ये वर्धापनदिनाला खांबांच्या मधे लोरायडर गाड्या रांगेने उभ्या राहतात. बॉनेटच्या आरशात खांबावरची चित्रे उतरतात. त्या दिवशी छायाचित्रकाराला गाडी आणि भिंत वेगळी शोधावी लागत नाही.

वाचकहो, या लोकांनी रंग विकत घेतला तो आपल्या मजुरीतून. त्यांची कला राजवाड्यात जन्मली नाही. गॅरेजमध्ये आणि नाल्याकाठी जन्मली. तिची नोंद ठेवायला बाहेरून कुणी येईल याची त्यांनी वाट पाहिली नाही. स्वतः फोटो काढले, स्वतः मासिके काढली, जुने अल्बम जपले. म्हणूनच कायदा बदलायची वेळ आली तेव्हा दाखवायला त्यांच्याजवळ पुरावा होता.

आपल्या मुला-मुलींच्या हातातही आज कॅमेरा आहे. त्यांनी रात्री शहरात जरूर फिरावे. हाताने रंगवलेली गाडी दिसली, हाताने रंगवलेली भिंत दिसली, तर थांबावे. रंगवणाऱ्याचे नाव विचारावे, त्याचाही फोटो घ्यावा. घरी आल्यावर नाव, जागा आणि तारीख लिहून ठेवावी. फोटो मोबाईलमध्येच राहिला तर मोबाईलबरोबर जातो, म्हणून चांगल्या फोटोंच्या प्रती कागदावर छापून घ्याव्यात आणि अल्बममध्ये लावाव्यात. भिंतीवर उद्या चुना फिरू शकतो, पण नाव आणि तारखेसह कागदावर उतरलेली भिंत आपल्या नातवंडांनाही पाहता येईल.